कचऱ्यातून वस्तू बनवायला शेजाऱ्यांना शिकवायचंय? मग आधी हे वाचा

'टाकाऊतून टिकाऊ'ची कार्यशाळा म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रंगवलेली बाटली येते. नवा रंग, नवा गोंद, वर चमकी, सगळं विकत आणायचं आणि एक बाटली सजवायची. ती काही दिवस कपाटावर धूळ खाते आणि शेवटी कचऱ्यातच जाते. फरक एवढाच की आता तिला रंग फासलेला असतो, त्यामुळे भंगारवालाही तिला हात लावत नाही.

असली सत्रं मी बरीच पाहिली आणि नंतर स्वतःही घेऊ लागलो. कुठली वस्तू शिकवायची हे ठरवताना मी दोनच प्रश्न विचारतो. हा कचरा घरात पुन्हा पुन्हा निघतो का? आणि त्यातून होणारी वस्तू घरात पुन्हा पुन्हा लागते का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच ती शिकवण्यात अर्थ आहे. पुढे जे लिहिलंय ते पहिल्यांदाच आपल्या इमारतीत किंवा वस्तीत हे काम हाती घेणाऱ्यांसाठी.

१. आधी कचऱ्याचं वजन करा

आठ-दहा घरं तयार करा आणि त्यांना एक आठवडा कचरा वेगवेगळा ठेवायला सांगा. ओला, कागद-पुठ्ठा, कापड, प्लास्टिक. तळणीचं उरलेलं तेल असेल तर ते वेगळ्या बाटलीत. बॅटऱ्या, औषधं, बल्ब, ब्लेड, सॅनिटरी कचरा यांना तुमच्या उपक्रमात कधीच जागा नाही; त्यांची वाट वेगळी, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

आठवड्याच्या शेवटी हुकाचा साधा वजनकाटा घेऊन घरोघर जा आणि वहीत आकडे लिहा. इथेच एक गंमत दिसते. 'तुमच्याकडे जास्त कचरा कसला?' असं तोंडी विचारलं तर बहुतेक लोक 'प्लास्टिक' म्हणतात, कारण ते फुगून डबा भरतं. काट्यावर मात्र सहसा स्वयंपाकघरातला ओला कचराच जड भरतो. तोंडी माहितीवर विसंबून आराखडा आखलात तर सगळी मेहनत हलक्या पिशवीवर खर्च होईल.

२. एकच वस्तू निवडा

एका दुपारी खत, साबण, पिशवी आणि कागदाची फुलं असं सगळं उरकायचा मोह होतो. तो आवरा. सगळं पाहिलेला माणूस घरी जाऊन काहीच करत नाही.

माझा क्रम असा आहे. पहिलं खत. दुसरी जुन्या कपड्यांची पिशवी, कारण ती तासाभरात हातात येते आणि खताची वाट बघणाऱ्यांचा उत्साह टिकतो. साबण तिसरा, तोही गट जमल्यावर आणि फक्त मोठ्यांसाठी.

कागदाचं काय? कागद भिजवून, लगदा करून, जाळीवर पसरून हातकागद बनवता येतो आणि मुलांना त्यात मजाही येते. पण स्वच्छ, कोरडा कागद पुनर्वापरासाठी देणं जास्त शहाणपणाचं. दर वेळी लगदा करताना कागदाचे तंतू तुटून आखूड होतात आणि हे काम गिरणी आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं करते. आपल्या कामाचा आहे तो चुरगळलेला, भिजलेला, कुणी न घेणारा कागद आणि साधा तपकिरी पुठ्ठा. तो खताच्या बादलीत जाईल.

लिंबूवर्गीय सालींचं सफाईद्रव सध्या फार लोकप्रिय आहे: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने आंबवण. करायचंच असेल तर काचेची बाटली घेऊ नका. गॅस साठून ती फुटू शकते. प्लास्टिकची बाटली घ्या, वर जागा रिकामी ठेवा आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस जाऊ द्या. हे द्रव आम्लधर्मी असतं, त्यामुळे संगमरवरावर वापरायचं नाही आणि ब्लीचमध्ये तर मुळीच मिसळायचं नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. मी हे सहसा शिकवत नाही. तीन किलो सालींसाठी किलोभर गूळ ओतायचा हा हिशोब मला पटत नाही, त्याच साली बादलीत फुकट कुजतात.

प्लास्टिकबाबत एकच नियम: घरी वितळवायचं नाही. इस्त्रीखाली, तव्यावर, मेणबत्तीवर, कशावरच नाही. कुठलं प्लास्टिक कशाचं आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि पीव्हीसी नावाचं प्लास्टिक तापलं की हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो. धुवायचं, वाळवायचं, वेगळं करून गोळा करणाऱ्याला द्यायचं.

३. परवानगी आणि कागद

कंटाळवाणं काम आहे, पण एका तक्रारीने सगळा उपक्रम बंद पडू शकतो. म्हणून एवढं जवळ ठेवा:

- जागेच्या वापराची लेखी परवानगी, तारीख आणि वेळेसह
- सामाईक जागेत बादल्या राहणार असतील तर शेजारच्या घरांची संमती आणि 'वास आला तर कुणाला सांगायचं' त्या माणसाचं नाव
- स्थानिक प्रशासनाचे कचरा आणि खताबद्दल काय नियम आहेत त्याची प्रत
- हजेरीचं पान: नाव, संपर्क, आणि घरी बादली कुठे ठेवणार ते
- एका पानात मावेल अशी कृती, मोठ्या अक्षरात, प्रत्येकासाठी एक

'बादली कुठे ठेवणार' हा रकाना विसरू नका. त्याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याची बादली पहिल्या आठवड्यातच जिन्याखाली जाते आणि तिथे विसरली जाते.

४. खताचं सत्र

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण वास, अळ्या आणि चिलटं या तीन गोष्टींनी जेवढे लोक पळतात तेवढे कंटाळ्याने पळत नाहीत.

दर घरामागे लागेल ते:

- झाकणाच्या दोन बादल्या, साधारण 20 लिटरच्या
- बाजूंना आणि तळाला भोकं पाडायला ड्रिल
- खाली ठेवायला ताटली आणि दोन विटा
- सुका पाला, लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा, भरपूर
- दोन मुठी जुनं तयार खत
- ढवळायला काठी किंवा छोटं खुरपं

बादल्या दोन का, हे प्रत्येक जण विचारतो. एक भरत असताना दुसरी पिकते. एकाच बादलीत रोज नवा कचरा पडत राहिला तर खत कधीच तयार होत नाही, वर ताजं आणि खाली कच्चं अशी खिचडी होते.

तळाला चार बोटं जाडीचा पाला किंवा पुठ्ठा. त्यावर जुनं खत भुरभुरवा. मग रोजचा ओला कचरा बारीक चिरून घाला आणि त्यावर आकारमानाने दीड-दोन पट सुकं घालून तो पूर्ण झाका. वरून बघितलं तर ओलं काही दिसता कामा नये. दोन-तीन दिवसांनी एकदा खालपर्यंत हलवा.

सुकं एवढं का लागतं ते समजावून सांगा. नाहीतर लोक ते 'वरचं सामान' समजतात आणि चौथ्या दिवशी विसरतात. कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही लागतात, साधारण एका भाग नायट्रोजनला 25 ते 30 भाग कार्बन या प्रमाणात. भाज्यांच्या देठासालींत कार्बन त्याहून कमी असतो, सुक्या पाल्यात जास्त, लाकडाच्या भुशात आणि पुठ्ठ्यात तर कितीतरी जास्त. नुसतं ओलं साठलं की जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, तो नाकाला झोंबतो. पाणी साचून हवा बंद झाली की सडल्याचा वास येतो. हे दोन वास वेगळे ओळखायला शिकवा. पण उपाय एकच: सुकं घाला आणि हलवा.

ओलाव्याची परीक्षा हातानेच होते. बादलीच्या मधलं मूठभर घ्या आणि घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब चमकला तर ओलावा बरोबर आहे. धार लागली तर सुकं घाला. मूठ उघडल्यावर सगळं भुसभुशीत सांडलं तर थोडं पाणी शिंपडा. ही परीक्षा प्रत्येकाकडून करून घ्या. किळस वाटते म्हणून मागे उभे राहणारे असतातच. त्यांना हातमोजा द्या, सूट देऊ नका. एकदा मूठ दाबली की पुढे ओलाव्याबद्दल फारसं समजवावं लागत नाही.

काय घालायचं नाही: मांस, हाडं, दुधाचे पदार्थ, तेलकट उरलंसुरलं, पाळीव प्राण्यांची विष्ठा, रोगट झाडं. कारण घरातली बादली फारशी तापत नाही. जंतू आणि रोगबीजं मरायला 55 अंश सेल्सिअसच्या वर तापमान काही दिवस टिकावं लागतं आणि त्यासाठी साधारण घनमीटरभर ढीग हवा. बादलीत तेवढी उष्णता साठतच नाही. म्हणूनच तयार खतातून कुंडीत आपोआप टोमॅटोची रोपं उगवतात. घाबरायचं काही नाही, फक्त बिया जिवंत राहिल्या एवढाच त्याचा अर्थ.

आता अळ्या. पांढरट-तपकिरी, जाडसर, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की फोन येतो आणि बऱ्याचदा फोन येईपर्यंत अख्खी बादली फेकून झालेली असते. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या असतात. ही माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही आणि तिच्या अळ्या कचरा भराभर फस्त करतात. सत्रातच त्यांचा फोटो दाखवून ठेवा, एवढ्याने अर्धी घबराट टळते. तरी नकोशा वाटत असतील तर सुकं वाढवा, त्या कमी होतात. पांढरी बुरशी चांगलं लक्षण आहे. मुंग्या म्हणजे बादली कोरडी पडली. चिलटं म्हणजे ओलं उघडं राहिलं.

गांडुळांनी सुरुवात करू नका. ती मेली की लोकांना अपराधी वाटतं आणि पुन्हा ते या वाटेला जात नाहीत.

बादली भरली की झाकून ठेवा, अधूनमधून हलवा, ओलावा बघत राहा. दोन-तीन महिन्यांत आतला माल निम्म्याहून खाली बसतो, काळपट होतो आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. तयार झालं का याची खात्री नसेल तर ओलसर खत मूठभर घेऊन पिशवीत बंद करा आणि दोन-तीन दिवसांनी उघडा. घाण वास आला तर अजून कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत घातलं तर झाडाच्या वाट्याचा नायट्रोजन तेच खातं आणि पानं पिवळी पडतात. तयार खत चाळून घ्या, जाडभरडं राहिलेलं नव्या बादलीत विरजण म्हणून टाका. कुंडीत तीन-चार भाग मातीला एक भाग खत पुरतं. नुसत्या खतात झाड लावू नका.

५. टी-शर्टची पिशवी, न शिवता

शिवणयंत्र नको, सुई नको. सुती टी-शर्ट आणि धारदार कात्री पुरे. कापडाची आणि कागदाची कात्री वेगळी ठेवा. कागद कापलेली कात्री कापड चावते.

टी-शर्ट उलटा करा. बाह्या शिवणीच्या आतून कापा, गळा थोडा खोल कापा. खांद्यांच्या पट्ट्या झाल्या मुठी. खालच्या कडेला दोन्ही थर एकत्र धरून बोटभर रुंद, वीतभराहून कमी उंच अशा फिती कापा. पुढची आणि मागची फीत एकमेकींना गाठ मारून बांधत जा. इथे बहुतेक जण थांबतात, आणि दोन गाठींच्या मधल्या फटीतून सामान पडतं. म्हणून प्रत्येक गाठीचं एक टोक शेजारच्या गाठीच्या टोकाला परत बांधायचं. मग पिशवी सरळ करा, गाठी आत जातात.

आधी कापड उजेडासमोर धरून बघा. पातळ पडलेल्या जागेतून उजेड जास्त येतो, तिथूनच पिशवी फाटते. तसले कपडे पुसण्याच्या फडक्यांना ठेवा. सिंथेटिक कापड पाणी शोषत नाही, त्याची फडकी करू नका, पिशवीला चालेल. उरलेल्या चिंध्यांच्या फिती ताणल्या की स्वतःच गोल वळतात, तीन फितींची वेणी घालून पायपुसणं होतं.

६. वापरलेल्या तेलाचा साबण

हा साबण भांडी, फडकी आणि फरशीसाठी. अंगाला लावायचा नाही. यात कॉस्टिक सोडा (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड) लागतो आणि तो कातडी जाळतो, त्यामुळे मुलं त्या खोलीतही नकोत. सोडा हाताळण्याचं काम फक्त शिकवणाऱ्याने करायचं, बाकीच्यांनी दोन हात लांबून बघायचं.

साहित्य: चष्म्यासारखा बंद गॉगल, लांब रबरी मोजे, ग्रॅमपर्यंत अचूक डिजिटल काटा, स्टील किंवा 5 क्रमांकाच्या प्लास्टिकची (तळाशी त्रिकोणात 5 लिहिलेली) भांडी, हँड ब्लेंडर, साच्याला रिकामे पुठ्ठ्याचे डबे. ॲल्युमिनियमचं काहीही नको, चमचासुद्धा नाही. सोड्याशी त्याची प्रक्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. नाली साफ करायच्या पावडरीतही कधीकधी ॲल्युमिनियमचे कण असतात, म्हणून ती चालत नाही. शुद्ध सोडियम हायड्रॉक्साइडच घ्या.

एक किलो गाळलेल्या सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलाला साधारण 128 ग्रॅम सोडा आणि 300 ग्रॅम थंड पाणी. यात सोडा मुद्दाम थोडा कमी धरला आहे, म्हणजे सगळा सोडा तेलात संपतो. तेल बदललं की सोड्याचं प्रमाण बदलतं: खोबरेल तेलाला याहून बराच जास्त लागतो. म्हणून कुठलं तेल ते माहीत नसलेल्या बाटल्या एकत्र करू नका. आणि सगळं वजनाने मोजा, पेल्याने नाही.

सोडा पाण्यात घालायचा, थोडा थोडा, ढवळत, उघड्या खिडकीशी. पाणी सोड्यावर ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. मिश्रण हात न लावताही उकळीच्या जवळ तापतं. कोमट झालं की गाळलेल्या तेलात ओता आणि ब्लेंडरने थांबत थांबत फिरवा. ब्लेंडर उचलल्यावर पडलेल्या धारेची रेघ वर क्षणभर टिकली की साच्यात ओता. दोन दिवसांनी मोजे घालून वड्या कापा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी ठेवा. तोवर कुणालाही घरी देऊ नका, कितीही मागितला तरी.

अंगावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं. व्हिनेगर चोळत बसायचं नाही. डोळ्यात गेलं तर तसंच धुवत राहायचं आणि डॉक्टर गाठायचे. नळ कुठे आहे हे सुरुवातीलाच सगळ्यांना दाखवा.

७. प्रत्यक्ष सत्र

दहा-बारा जणांच्या वर गट नको आणि वेळ दोन तासांच्या वर नको. भाषण पाच मिनिटांचं. टेबलावर तयार खत ठेवा आणि शेजारी मुद्दाम बिघडवलेली एक बादलीही: ओलं जास्त, सुकं नाही, झाकण घट्ट. वास घेऊ द्या. मग तीच बादली सगळ्यांसमोर सुधारा. ज्याने बिघडलेली बादली सुधारताना पाहिली आहे, तो घरी पहिल्या वासाला हात टेकत नाही.

प्रत्येकाने सुरू केलेली बादली घेऊनच घरी जायचं, सुक्याच्या एका पिशवीसकट. 'घरी जाऊन करा' म्हणालात की संपलं. सुका पाला संपला म्हणून बादली बंद पडली, हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं कारण आहे. इमारतीत एक पोतं सामाईक ठेवा आणि ते भरायची पाळी लावा.

घरातलं एकच माणूस सत्राला आलं असेल तर घरच्यांसाठी बादलीवर चिठ्ठी चिकटवा: काय घालायचं, काय नाही, आणि 'ओल्यावर सुकं'. कचरा टाकणारे हात सत्राला आलेल्या हातांपेक्षा वेगळे असतात, त्यामुळे तक्रार नेमकी तिथूनच सुरू होते.

८. पंधरा दिवसांनी घरोघर

फोनवर 'सगळं छान चाललंय' असंच उत्तर मिळतं. म्हणून जाऊन झाकण उघडा. दहा मिनिटं पुरतात: वास, मूठ, सुक्याचा साठा. बहुतेक बादल्या जरा ओल्या असतील, ते तिथेच दुरुस्त करा. ज्यांनी सोडून दिलं त्यांना कारण विचारा, दोष देऊ नका, आणि बादली परत मागा. ती पुढच्या माणसाला लागते. ज्यांची बादली उत्तम चालली आहे त्यातल्या एकाला पुढच्या सत्रात मूठ दाबायचं काम द्या. शेजारणीचं ऐकतात तेवढं लोक तुमचं ऐकत नाहीत.

महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच हुकाचे काटे घेऊन तेच आकडे लिहा. ओल्या कचऱ्याचं वजन किती उतरलं हे घराघराने वहीत दिसलं की नवीन घरं स्वतःहून विचारायला येतात.

९. 'हे विकूया का?'

हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या भेटीत कुणीतरी काढतंच. पिशव्या आणि पायपुसणी विकायला हरकत नाही, पण कष्टाचे तास मोजून बघा, मगच भाव ठरवा. खत विकायचं असेल तर ते दर वेळी सारखं पिकलेलं आणि चाळलेलं हवं. आठ घरांच्या आठ तऱ्हेच्या बादल्या एकत्र करून ते जमत नाही. साबण विकण्याला ठिकठिकाणी कायद्याची बंधनं असतात, परवाना आणि लेबलाशिवाय त्यात पडू नका. सुरुवातीचे काही महिने जे बनेल ते बनवणाऱ्यांच्याच घरात वापरलं जाऊ द्या. आपल्या खताने आपली कुंडी बहरत नसेल, तर ते दुसऱ्याला पैसे घेऊन द्यायची वेळ अजून आलेली नाही.